एकतारी घेऊन आर्णीकडे, खुंटीला हात न लावण्याच्या अटीवर

खुंटी कोणी फिरवायची नाही, या एका अटीवर मी निघाले.

नात प्रज्ञा किती दिवस मागे लागली होती. आर्णीजवळच्या एका खेड्यात दर हिवाळ्यात एक दिवस तारेच्या वाद्यांचे वेडे जमतात म्हणे. आमराईत बसतात. माईक नाही, पेटी नाही, ढोलकी नाही. "आजी, तू एकतारी घेऊन चाल."

मी म्हटलं, "गिटारवाल्या पोराईत मले काय कुंडीसारखी मांडून ठेवतं?"

पण गेले. मला अक्षर येत नाही. मी बोलते, ती मोबाईलवर लिहिते आणि माझं बोलणं इस्त्री करून टाकते. माणसांची बोलणी मात्र तशीच ठेवायला लावली आहेत.

एकतारी आमच्या ह्यांची. वाजवायचे ते, गायची मी. विहारात, लग्नाच्या मांडवात, बोलावलं तिथे. भोपळा, बांबूची दांडी, एक तार आणि ती ताणायला वर लाकडी खुंटी, एवढाच तिचा संसार. ते जाऊन तीन उन्हाळे झाले. रोज सकाळी मी तार छेडते, दोन कडवी म्हणते, पण खुंटी त्यांनी शेवटची फिरवली तिथेच ठेवली आहे. हात लावेल त्याला भाकर मिळणार नाही, असं घरात जाहीर आहे. माणूस गेला, त्याने लावलेला सूर तरी जागेवर राहू दे.

बाभुळगावहून सकाळच्या एसटीने यवतमाळ. बायांना अर्धं तिकीट. कंडक्टरने मांडीवरच्या भोपळ्याकडे पाहिलं. "आजी, याचं तिकीट?"

"त्याले सीट देत असशील तर काढते."

यवतमाळच्या स्टँडवर गरम आलुबोंडा खाल्ला, रस्सा मागून घेतला. रस्सा न मागणाऱ्याला कोरडाच देतात, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आर्णीची गाडी मोठ्या रस्त्याने तरंगत गेली. दव सुकलं होतं, बाया कापूस वेचायला लागल्या होत्या. कपाशीच्या पऱ्हाटीच्या वर त्यांची नुसती फडकी बांधलेली डोकी दिसत, पांढऱ्यात हळूहळू सरकणारी. मला डुलकी लागली. जागी झाले तरी तीच डोकी, तोच पांढरा रंग. गाडी थांबली आहे आणि शेतंच चालली आहेत, असं वाटलं.

आर्णीच्या अलीकडे फाट्यावर उतरून ऑटो करावा लागतो. तो भरल्याशिवाय हलत नाही. घाई असेल त्याने जाऊच नये. सतरंजी घरून न्यावी.

आमराईत पोचलो तेव्हा सगळे तारा लावत होते. गाणं कोणी म्हणत नव्हतं. जो तो कान टेकवून आपली खुंटी फिरवत होता, आणि झाडाझाडाखालून थेंब थेंब सूर पडत होते. सतार, मेंडोलिन, गिटार, तुणतुणं. काही वाद्यांची नावं प्रज्ञालाही आली नाहीत. मी भोपळा पोटाशी धरून उभी राहिले. तळ्याच्या तळाशी उभं राहून वरचा पाऊस ऐकावा, तसं वाटत होतं.

तिथली रीत वेगळीच. दुपारच्या जेवणापर्यंत आपलं वाद्य आपण वाजवायचं नाही. शेजाऱ्याला द्यायचं, त्याचं आपण घ्यायचं. माझ्या शेजारी वणीहून आलेली वैशाली बसली होती, दवाखान्यात नर्स आहे. तिने आपली गिटार माझ्या मांडीवर ठेवली. म्हशीचं पारडू घेतल्यासारखं झालं मला. मग तिने एकतारीसाठी हात पुढे केला.

"द्याची नाही," मी म्हटलं. "पाहाची."

"पाहून काय करू जी, आजी? वाजवाची वस्तू हाये ते."

मी तिचं पारडू तिला परत दिलं. सकाळभर रुसलेल्या नवरीसारखी बसून राहिले. लोक अनोळखी वाद्यांवर चाचपडत होते, चुकत होते, हसत होते.

जेवण फक्कड. आलू-वांग्याची भाजी, भाकर, ठेचा, उकडलेल्या तुरीच्या शेंगा. पैशांसाठी ठेवलेल्या डब्यात ज्याला जमेल ते टाकायचं.

जेवणानंतर आपापली वाद्यं. आर्णीचे रहीमभाई, कव्वालीला बेंजो वाजवणारे, मला म्हणाले, "मावशी, तुम्ही गा. मी मागं राह्यतो. सूर कोणता?"

"काळी चार," मी ऐटीत सांगितलं. "आमच्या ह्यांनी लावलेला." गाणारे आपला सूर पेटीच्या पट्टीवरून सांगतात, तसं.

त्यांनी बेंजोवर काळी चार छेडली. मी माझी तार छेडली. जोडीतला एक बैल चालता चालता खड्ड्यात उतरावा, तशी माझी तार खाली होती.

"तुमचा बेंजो चढला असंल."

वैशालीने गिटारवर तोच सूर दिला. गिटार बेंजोच्याच बाजूची निघाली.

"मावशी, हे काळी तीनच्याबी खाली हाये," रहीमभाई हळू बोलले. "कोणी हात नाही लावला तरी तार उतरते जी. ऊन, थंडी, भोपळा सुकते. रोज जराशी."

"मंग मले काहून नाही समजलं?"

"काळी चारवर गाऊन पाहा."

गायले. दुसऱ्या ओळीलाच गळा फाटला.

"गळाबी उतरला तुमचा," ते म्हणाले. "तार अन् तुम्ही, दोघी हात धरून उतरल्या, मंग कसं समजंल?"

तीन उन्हाळे मी जे जपलं, ते जपता जपताच निघून गेलं होतं. रडू आलं नाही. राग आला, आणि समोर वैशाली होती.

"घे," मी तिला म्हटलं. "चढव काळी चारवर."

"आजी, तार गंजली हाये. तुटंल."

"तुटू दे. ठेवून कोणतं लोणचं घातलं मी?"

तिने खुंटी फिरवली. खुंटी करकरली. मी डोळे मिटले. तार तुटली नाही.

ओळ मी सांगितली, वैशालीने तार छेडत उचलली. मोकळा, तरणा गळा. मी उठून पलीकडच्या आंब्याखाली जाऊन बसले. चाळीस वर्षं मी एकतारीला खेटून गायले, पण ती बाहेरून कशी ऐकू येते हे मला ठाऊकच नव्हतं. पानांतून ऊन हलत होतं. मी तिकडे गात होते आणि इकडे बसून ऐकत होते. मांडवाच्या पार शेवटी बसणाऱ्या बायांना आम्ही दोघं असे ऐकू येत असू.

परतीच्या गाडीत मी भोपळ्यावर हनुवटी टेकून बसले. प्रज्ञाने दोनदा कपाळाला हात लावून ताप पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी बसले. तार वर काळी चारवर, गळा खाली. एक कडवं धड होईना. शेवटी खुंटीवर हात ठेवला, आणि बसल्या बसल्या आठवलं. रोज सकाळी ते विचारायचे, "आज गळा कसा हाये?" मी खाकरून हुंकार देईपर्यंत खुंटीला हात लावायचे नाहीत. थंडीत तार उतरवायचे, उन्हाळ्यात चढवायचे. सर्दी झाली की आणखी खाली. काळी चार ही मांडवात लोकांना सांगण्यापुरती. घरी त्यांनी एक सूर कधी लागोपाठ दोन दिवस ठेवला नाही.

खाकरले. हुंकार दिला. खुंटी सैल केली, थोडी जास्तच झाली, परत ताणली. मग तार गळ्याशी येऊन टेकली.

आता रोज सकाळी आधी गळा पाहते, मग खुंटी फिरवते. आज थंडी आहे. बरीच उतरवावी लागली.