चहाच्या ग्लासातली थरथर

किस्से गोळा करायला मी कधी मुद्दाम बसलो नाही. ते आपोआप साचत गेले. गवत कापायच्या मशीनखाली ओलं गवत थरावर थर चिकटत जातं आणि एखाद्या दिवशी मशीन आडवं केलं की सगळं बदकन खाली पडतं, तसं. आज दुपारी जेवून मी जरा आडवा झालो आणि हे पडलं.

आमचा अड्डा म्हणजे अंबडमधलं अशोकचं वर्कशॉप. तिथं लॉन मूवर दुरुस्त होतात. काम अशोक आणि गणपत करतात. मी कंपनीतून रिटायर झालोय, त्यामुळे माझ्याकडे दाराशी खुर्ची टाकून बसायचं खातं आहे. छोटं इंजिन एका लयीत चालू लागलं की मला गुंगी येते. आवाज लांब जातो, कापलेल्या गवताचा वास येतो, आणि मी लहानपणीच्या कुठल्यातरी मैदानात पोचतो. अशोक मग म्हणतो, "नाना पेंगले, मशीन पास." मशीन खडखडत असेल तर मी जागा असतो. एवढी माझी कंपनीतसुद्धा कोणाला गरज नव्हती.

गणपत दुष्काळी नांदगावचा. कामाला लागला त्या दिवशी तो मशीनकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आमच्याकडं एवढं गवत उगवलं तर कापत नाय कोणी. लोकं बघायला येत्यात."

*

गंगापूर रोडच्या एका लग्नाच्या लॉन्सचा मॅनेजर आमचं जुनं गिऱ्हाईक. उन्हाळ्यात त्याच्या माळ्याच्या हाताला मुंग्या यायच्या, तेव्हा अशोकनं त्याला समजावलं होतं की उन्हात पातळ तेल आणखी पातळ होतं, आतले भाग एकमेकांवर आपटतात आणि सगळी थरथर दांड्यात येते. जरा जाड तेल घाल, इंजिन शांत होईल.

मॅनेजरनं हे इतकं मनावर घेतलं की ऐन थंडीत, कोणाला न विचारता, त्यानं मशीनमध्ये ट्रकचं काकवीसारखं तेल ओतलं. सकाळी हळदीचा कार्यक्रम, आणि मशीन सुरूच होईना. दोरी ओढून माळी दमला, मॅनेजर दमला, मग नवरीचे मामा पुढे झाले. एकेक करून सगळे मामा घामाघूम झाले. मॅनेजरचा फोन आला म्हणून आम्ही फाटकातून आत शिरलो तेव्हा अंगभर हळद लागलेला नवरदेव स्वतः उठला होता. त्यानं एकदाच दोरी ओढली आणि मशीन सुरू झालं. टाळ्या वाजल्या. नवरीची आत्या डोळ्याला पदर लावून म्हणाली, मुलगा कर्तबगार निघाला गं बाई.

परत येताना अशोक मला म्हणाला, "ऊन आलं होतं, तेल सैल पडलं होतं. पण ते सांगायची ती वेळ नव्हती."

*

एकदा चहा पिताना अशोकच्या हातातून ग्लास पडला. पडला याचं काही नाही, पण तो तसाच रिकाम्या चिमटीकडे बघत राहिला. ग्लास सुटल्याचं त्याला कळलंच नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं, वर्षानुवर्षं थरथरते दांडे धरून हात बधिर झालेत. अजून धरलेत तर उरलंसुरलंही जाईल. आता अशोकची सगळी विद्या त्या तळव्यांत. चालू मशीनच्या दांड्यावर हात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, तेल पातळ झालंय, किंवा पातं एका बाजूला जड आहे. बहुतेक वेळा ते तसंच असायचं. त्याची बायको, शैलावहिनी, पहिल्यांदाच वर्कशॉपमध्ये आल्या आणि सगळ्यांसमोर त्याला शपथ घातली. चालू मशीनला हात लावायचा नाही, आणि दिवाळीपर्यंत हातांना जाणीव आली नाही तर शटर कायमचं खाली. वहिनींचं चुकत नव्हतं. पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. त्याच्याइतकंच माझंही त्या शटरच्या आत काहीतरी होतं.

*

हात गेले, मग इंजिन शांत झालं हे ओळखायचं कसं? गणपतनं युक्ती काढली. तेल बदललं की इंजिनच्या टोपणावर काठोकाठ चहाचा ग्लास ठेवायचा. चहा सांडला तर तेल बदला. नुसती वर्तुळं उठली तर ठीक. वर्तुळं बारीक होत होत मधोमध विरून गेली, तर मशीन पास.

एका दुपारी आम्ही तिघं असेच एका मशीनभोवती ओणवे होऊन ग्लासात बघत होतो. वर्तुळं इतकी हळू, इतकी सुंदर विरत होती की कोणालाच बोलावंसं वाटेना. मला वाटलं, जगात आता एवढंच चाललंय. तेवढ्यात पंचवटीतल्या एका धर्मशाळेचे व्यवस्थापक त्यांचं मशीन न्यायला आले. बागेपुरतं छोटंसं मशीन होतं त्यांचं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, दाराबाहेर चपला काढल्या आणि हात जोडून मागे उभे राहिले. अशोकनं इंजिन बंद करायला सांगितलं आणि ग्लास उचलून खाली ठेवू लागला, तर यांनी ओंजळ पुढे केली.

आता काय करणार? अशोकनं त्यांना थोडा चहा दिला. तो त्यांनी पिऊन डोक्यावरून हात फिरवला.

*

याच धर्मशाळेच्या मशीनचा आणखी एक किस्सा आहे. अशोक दर शनिवारी मारुतीला तेल घालतो. त्याचं तिळाचं तेल इंजिन ऑइलच्याच रिकाम्या कॅनमध्ये, त्याच फळीवर. एकदा गणपतनं घाईत तोच कॅन मशीनमध्ये रिकामा केला. वर ग्लास ठेवला, तर चहा हलेना. इतकं शांत इंजिन आम्ही कधी पाहिलं नव्हतं. मी तर उभ्या उभ्या पेंगलो.

चार दिवसांनी व्यवस्थापक मशीन घेऊन परत आले. तक्रार काही नाही म्हणाले, फक्त गवत कापायला लागलं की सगळ्या यात्रेकरूंना भूक लागते. अशोकनं झाकण उघडून वास घेतला आणि गणपतकडे पाहिलं. तिळाचं तेल इंजिनमध्ये फार दिवस टिकत नाही, चिकट होऊन बसतं, म्हणून ते तिथंच काढून टाकलं. तेवढ्यात गणपतचा चेहरा उतरला.

"पण मग शनिवारी मारुतीला काय गेलं?"

अशोक बराच वेळ आठवत होता. मग त्याला आठवलं की त्या शनिवारी शैलावहिनींनी घरूनच तेल दिलं होतं. गणपतनं खाली बसून पाणी मागितलं.

*

दिवाळी अगदी तोंडावर आली. अशोकच्या हातांना काहीच फरक नव्हता. तो त्याबद्दल बोलत नव्हता, पण अवजारं पुसून पुसून ठेवायला लागला होता. गणपत गावी गेला होता.

कॉलेज रोडच्या एका काकूंचं मशीन आम्ही नुकतंच करून दिलं होतं. काका वारल्यापासून ते पडून होतं. आम्ही पात्याला हात लावला नाही, फक्त तेल बदललं. काका मोटारीतून काढलेलं, पाण्यासारखं झालेलं तेल त्यात घालायचे. आम्ही चांगलं जाड तेल घातलं आणि जुन्या झिजलेल्या इंजिनची थरथर मावळली. आणि काकूंचा फोन आला, हे आमचं मशीन नाही.

आम्ही दोघं गेलो. काकू शांतपणे म्हणाल्या, "रविवारी सकाळी हे गवत कापायचे तेव्हा शोकेसमधल्या कपबश्या वाजायच्या. मी आत त्या आवाजावर चहा ठेवायची. आता काहीच वाजत नाही."

अशोकनं वर्कशॉपमध्ये येऊन ते काढलेलं काळं तेल शोधलं, फडक्यातून गाळलं आणि परत जाऊन मशीनमध्ये ओतलं. "नाना, चांगलं तेल काढून वाईट घालायचं पाप आजच करतोय," म्हणाला.

दोरी मी ओढली, दांडाही मीच धरला. मशीन असं काही थडथडलं की माझे दात वाजले. आत कपबश्या किणकिणायला लागल्या. मला धरवेना. मी सोडणार, तेवढ्यात अशोकनं दोन्ही तळवे दांड्यावर ठेवले. शपथेची आठवण करून द्यायला मी तोंड उघडलं, तर तो माझ्याकडे बघतच नव्हता.

"नाना," तो म्हणाला, "हाताला कळतंय."

आतून काकूंचा आवाज आला, "लगेच बंद करू नका हं."

अशोकनं डोळे मिटले होते.