संडासाच्या गच्चीवरचे बिबडे

त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा ठेवायला नको.

जळगावकडून भुसावळला जाताना रुळांच्या कडेला आमची वस्ती आहे. तिथे बायकांसाठी सहा खोल्यांचा संडास आहे. आमच्या माजी नगरसेवकाने तो बांधवून घेतला, नारळ फोडला, पाटीवर स्वतःचं नाव कोरून घेतलं आणि दाराला कुलूप लावलं. नळ जोडला की उघडू, म्हणाला. चावी घेऊन गेला तो परत फिरकलाच नाही. आम्ही उजाडायच्या आत रुळांपलीकडच्या बाभळीत जात राहिलो. शेजारच्या अक्काचे गुडघे गेलेले. ती माझा खांदा धरून खडी उतरायची. एकदा ती घसरली, मी तिला उचलत होते आणि मालगाडीचा उजेड आम्हा दोघींवर पडला. तो उजेड माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

वस्तीत अंगण कुणालाच नाही. त्यामुळे कधीच न वापरलेल्या त्या संडासाची गच्ची हीच आमची सगळ्यात स्वच्छ जागा. उन्हाळ्यात बायका शिडी लावून वर चढतात, ओलं धोतर पसरतात आणि त्यावर शिजवलेल्या ज्वारीचे बिबडे थापतात. वर्षभराचे पापड तिथेच वाळतात.

निवडणुकीचं वारं सुटलं तसा तो माणूस जागा झाला. वस्तीत फ्लेक्स लागला : ‘माझी वस्ती, सुंदर वस्ती – मोबाईल फोटो स्पर्धा’. फ्लेक्सवर फोटो मात्र त्याचाच. मी त्याच दिवशी बहिष्काराचं पत्रक लिहायला बसले. ‘ढोंग’ हा शब्द चार वेळा आला होता. अक्काने ते वाचून घेतलं आणि म्हणाली, “तू कागद वाटस, लोके त्यामा भज्या बांधतस. तुना मोबाईल दे इकडे.”

समोरच्या घराच्या माळ्यावरून तिने गच्चीचा फोटो काढला. पांढऱ्या धोतरावर गोल बिबड्यांच्या रांगा, वर कडक ऊन. खालचं दार त्यात येत नव्हतं. मी चिडले. कुलूप दिसलं नाही तर उपयोग काय?

“कुलूप दिसनं तर फोटो फाडी टाकतीन ना, बाई,” अक्का म्हणाली.

अक्काला पहिलं बक्षीस मिळालं, एक मिक्सर. शाळेच्या पटांगणात मांडव, खुर्च्या, मोठ्या पडद्यावर तिचा फोटो. तो माणूस माईकवर बराच वेळ बोलला. कष्टकरी माउलींचं कौतुक झालं, खानदेशच्या चवीचं झालं. मग म्हणाला, “आणि ही गच्ची बघा. किती नीटनेटकी. अक्का, घर कोणाचं हे?”

त्याने ओळखलंच नव्हतं. स्वतःचं बांधकाम त्याने ओळखलं नव्हतं, कारण त्याने फक्त पाटी बघितली होती.

अक्काने माईक हातात घेतला. “घर नही शे भाऊ. तुम्हना संडास शे. दारवर नाव तुम्हनं, कुलूपबी तुम्हनंच. मिक्सर ऱ्हाऊ द्या, चावी द्या.”

आधी मागच्या बायका हसल्या, मग सगळा मांडव. त्याच्या कार्यकर्त्याने माईक बंद केला, पण हसू कसं बंद करणार? मी पुढच्या रांगेत होते. त्याच्या कानापर्यंत चढलेला लाल रंग मी मन भरून बघितला. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी निरोप आला : भाऊ रविवारी अकरा वाजता स्वतः फीत कापून संडास सुरू करतील, बायकांनी हजर राहावं. म्हणजे आमच्या अपमानाचं उद्घाटन त्याने दुसऱ्यांदा करायचं, पुन्हा नारळ, पुन्हा फोटो.

शनिवारी दुपारी आम्ही पहार आणली. तीन घावांत कुलूप गेलं. आम्ही फरशा घासल्या, पिंप भरून ठेवलं, बादल्या लावल्या.

रविवारी तो आला तेव्हा दारापासून बाभळीच्या बाजूपर्यंत बायकांची रांग होती. कार्यकर्ते फीत बांधायला जागा शोधत होते. “जरा सरका, भाऊ आलेत,” एकजण म्हणाला. कुणी सरकलं नाही. आतून अक्काचा आवाज आला, “थांबा भाऊ. मझार माणूस शे.”

आत माणूस आहे म्हटल्यावर तो थांबला. हातात कात्री घेऊन, उन्हात, चांगली दहा मिनिटं. अक्का निवांत बाहेर आली, हात धुतले, त्याच्यासमोरच पदराला पुसले आणि म्हणाली, “आते पाणीवाल्यासले फोन लावा. आठेच. बठ्ठ्यासले आयकू येई असा.”

त्याने तिथेच, सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. नळ चौथ्या दिवशी जोडला गेला. चार दिवसांत होणारं काम होतं ते. म्हणूनच मी त्याला माफ करत नाही.