न मागितलेला मिंगा

देल्मिरोइतका कष्टाळू माणूस आमच्या बेटावर झाला नाही, आणि इतका हेकटही. मिंगा असला, म्हणजे कुणाचं अख्खं घर गावाने मिळून बैलांनी ओढून दुसऱ्या जागी न्यायचं असलं, की याची जोडी सगळ्यांच्या आधी हजर. दोरखंड याचे, आरडाओरडाही याचाच. घरधनिणीने तळलेली बटाट्याची भाकरी आणि सफरचंदाची दारू पुढे केली की म्हणायचा, "मिंगा आहे बाई, उपकार नाहीत!"

त्याचं स्वतःचं लाकडी घर समुद्राच्या कड्यावर. कडा दर हिवाळ्यात ढासळायचा. आत त्याची बायको सुलेमा, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिचं एकच म्हणणं होतं, मरेन ती माझ्याच घरात, माझ्या खिडकीपाशी.

मी म्हटलं, "अरे, टोपी काढून दारोदार जा. एकदा 'याल का' म्हण, बास! घर महिन्याभरात वरच्या कुरणात."

"तीस वर्षं मी लोकांची घरं ओढतोय. यांना डोळे नाहीत? भीक मागू?"

"भीक कसली रे! मास्तरीण सांगते ना, डोंगरातल्या जुन्या लोकांचा शब्द आहे हा. मिंगा म्हणजे मुळात मदत मागणं, बदल्यात काहीतरी द्यायचं कबूल करून. मागितलंच नाहीस तर मिंगा कसला?"

"मग मास्तरणीलाच सांग घर ओढायला!"

न बोलावता जायची आमच्यात रीत नाही. घरधन्याला दुबळा ठरवल्यासारखं होतं ते. म्हणून गाव थांबलं. मीही थांबलो. सांगायला लाज वाटते, पण मनात म्हटलं, जिरू दे जरा याची.

ऑगस्टात, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, भर दुपारी कडा गेला. सुलेमाला गादीसकट बाहेर काढलं, तेवढंच हाती लागलं. माझ्या स्वयंपाकघरात चुलीपाशी तिला निजवलं. "खिडकी कुठंय हो?" सारखी विचारायची. अकराव्या दिवशी गेली बिचारी.

मग देल्मिरो निघाला, टोपी हातात घेऊन, दारोदार. राहत होता माझ्याच घरी, तरी बाहेर जाऊन माझं दार वाजवलं. उभ्या जन्मात मला अहो-जाहो न केलेला माणूस म्हणाला, "विनवायला आलोय. सुलेमाला न्यायचंय. याल का?"

सगळे आले. काहींनी तर बैलही आणले, का कोण जाणे. पेटी उचलायला चौघं पुरली. आम्ही बाकीचे रिकाम्या हातांनी मागून चालत राहिलो.