टोमॅटोला भाताचा खुराक

माझं माहेर जुन्नरकडचं, टोमॅटो पिकवणारं. सासर भिवपुरीजवळ, सगळे भातवाले. लग्न ठरलं तेव्हा वडील म्हणाले होते, "आता टोमॅटो विकत घेऊन खा!" ते मला फार झोंबलं. यंदा मे महिन्यात ते राहायला येणार म्हटल्यावर ठरवलं, माझ्या हातचा टोमॅटो त्यांच्या ताटात पडलाच पाहिजे.

परसात बारा रोपं लावली. खुराक मोजूनमापून: आठवड्यातून एकदा शेणाचं पातळ पाणी, फुलं दिसली की चुलीतली राख. नवऱ्याच्या डब्याची एवढी काळजी मी कधी घेतली नव्हती.

झाडं मात्र अशी माजली की आधाराच्या काठ्या वाकल्या. पाला काळपट हिरवा, फुलं येत आणि गळून जात. टोमॅटो एकही नाही. मी उन्हाला शिव्या घातल्या, कर्जतच्या बियाणंवाल्यालाही घातल्या. मग एका सकाळी पाहिलं, तर सासरे वाकून प्रत्येक बुंध्याशी मूठभर युरिया टाकत होते.

"बाबा, हे काय?"

"अगं, उपाशी मारशील त्यांना! शेण न् राख, हा काय खुराक हाय? भाताला आमी युरियाच देतो."

भात युरियावर जोमानं वाढतो. टोमॅटो नुसता पाला करत सुटतो. पण इतक्या मायेनं घातलेल्या खुराकावर भांडायचं कसं? मी युरियाची गोणी माळ्यावर टाकली. तोवर वडील दारात हजर.

सासरे त्यांना थेट परसात घेऊन गेले. "बघा व्याही, हाय का असा पाला तुमच्याकडं?"

वडिलांनी झाडं निरखली, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही बुवा," ते म्हणाले, "असा पाला जन्मात पाहिला नाही."

सासरे दिवसभर खुशीत. जेवताना ताटात बाजारच्या टोमॅटोची कोशिंबीर होती. वडिलांनी ती मागून घेतली आणि मला रडूच आलं. निघताना ते हळूच म्हणाले, "खत बंद कर, पाणी बेतानं दे. आणि त्यांना बोलू नको काही."

जून संपता संपता एक टोमॅटो लाल झाला. एकच. वडिलांना फोन केला, न्यायला या म्हटलं.

"तो व्याह्यांना दे," ते म्हणाले. "राबलेत बिचारे."

मी चार फोडी करून, मीठ भुरभुरून सासऱ्यांपुढे ठेवल्या. त्यांनी डोळे मिटून सगळ्या संपवल्या.

"ब्येस हाय गं," ते म्हणाले. "पण युरिया कमी पडला."