सुलोचनाताईंचं नाक

सुलोचनाताई कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी नाकाशी नेत. भाजीवाल्याची मेथी, नवं कोरं पुस्तक, धुवून आलेली चादर, शेजारणीनं पाठवलेली आमटी, सगळ्याची तपासणी आधी नाकानं. आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी पुढे केलेला चहाचा कप त्यांनी असाच हुंगला आणि म्हणाल्या, ‘‘दूध सकाळचं हाय. फ्रिजमधी कांदा कापून ठिवला व्हता ना?’’ मी ओशाळले. कांदा होता. त्या हसल्या, चहा उभ्यानंच संपवला आणि फोन वाजला म्हणून निघूनही गेल्या.

डॉ. सुलोचना कांबळे केजमध्ये बाळंतपणाचा दवाखाना चालवत. आमची घरं शेजारी, मध्ये फक्त एक कंपाउंड. मी शाळेत मराठी शिकवायची. हल्ली त्या नाशिकला मुलीकडे असतात, आणि शेजारच्या घराचं फाटक दिवसभर न वाजता बंद असतं याची मला अजून सवय झालेली नाही. कारण त्या होत्या तेव्हा ते फाटक सारखं वाजायचं. त्यांना एका जागी ठरताच यायचं नाही. बोलता बोलता त्या मोबाइल या हातातून त्या हातात घेत, खिडकीपाशी जाऊन येत, परत मूळ मुद्द्यावर येत. त्यांच्याशी बोलून घरी आले की मलाच पळून आल्यासारखी धाप लागलेली असायची.

‘‘आधी नाक, मग डोळे, मग रिपोर्ट,’’ हे त्यांचं पालुपद. दवाखान्यातल्या नर्सना ते पाठ होतं. एकदा घाटनांदूरकडून एक गरोदर पोरगी आणली होती. बरळत होती, डोळे फिरवत होती. घरचे म्हणत होते अंगात आलंय, आणि सासू लिंबू ओवाळायच्या तयारीत होती. सुलोचनाताई तिच्या तोंडावर वाकल्या, श्वास हुंगला आणि नर्सला म्हणाल्या, ‘‘साखर बघ आधी. हिच्या तोंडाला पिकलेल्या फळाचा वास येतोय.’’ साखर भयंकर वाढलेली निघाली. पोरगी वाचली. दुसऱ्या दिवशी त्याच सासूला त्यांनी पोरीच्या उशाशी बसवलं आणि इंजेक्शन कसं द्यायचं ते शिकवलं. बायकोला बघायला दारू पिऊन आलेल्या नवऱ्यांना मात्र त्या वॉर्डाच्या दारातूनच परत पाठवत. ‘‘गार पाण्यानं आंघोळ कर, उद्या ये. लेकराला पहिला वास बापाचा येऊ दे, बाटलीचा नगं.’’

म्हणून त्यांच्या मुलीनं, प्रज्ञानं, नाशिकच्या एका वाइनच्या कारखान्यात केमिस्टची नोकरी धरली तेव्हा आम्हा शेजारणींना धक्काच बसला. सुलोचनाताईंचे वडील, आबा, युसूफ वडगाव या गावचे. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर त्यांनी घरात दारूचं नाव काढू दिलं नव्हतं. रोज संध्याकाळी मुलांना ओळीनं बसवून पंचशील म्हणून घेत. सुलोचनाताईंनी ते आयुष्यभर पाळलं. पण प्रज्ञा पहिल्या वर्षी दोन बाटल्या घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘आई, मला नाक तुझं मिळालंय. म्हणूनच मला तिथं घेतलं.’’ सुलोचनाताई बराच वेळ अंगणात येरझाऱ्या घालत राहिल्या. मग आत आल्या त्या दवाखान्यातला स्टीलचा किडनी ट्रे घेऊनच. वाइन तोंडात घेतली, घोळवली आणि ट्रेमध्ये थुंकली. ‘‘गिळली न्हाई. आबांचा शब्द मोडला न्हाई, अन् पोरीच्या कामाला नावबी ठिवलं न्हाई,’’ म्हणाल्या. प्रज्ञा हसत होती, पण तिचे डोळे भरले होते.

तेव्हापासून वर्षातून एकदा, थंडीतल्या एखाद्या रविवारी दुपारी, त्यांच्या घरी आमची बैठक बसू लागली. आम्ही चौघी. त्या, मी, बँकेतली शोभा आणि विजयावहिनी. वहिनींचे मालक तालुक्याच्या राजकारणातले, घर मोठ्या बागायतदाराचं. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा पडदे लावा म्हणून मागे लागल्या होत्या. ‘‘आमच्याकडं निवडणुकीत बाटल्या पोत्यानं येतात, पण बाईच्या हातात कधी आली न्हाई,’’ म्हणाल्या. सुलोचनाताईंनी उठून लावलेले होते तेही पडदे बाजूला सारले. ‘‘चोरी करतोय का आपण? वास घेतोय.’’

खेळ साधा होता. प्रज्ञा लाल वाइनच्या चार बाटल्या पाठवी. शिराझ, कॅबरने, अशी द्राक्षांची नावं आम्ही हळूहळू शिकलो. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळायचं, म्हणजे नाव दिसत नाही. आम्ही घोट घेऊन काहीबाही सांगायचो. शोभाला प्रत्येकीत जांभूळ दिसे, वहिनींना प्रत्येक घोट काढ्यासारखा कडू लागे. सुलोचनाताई मात्र ग्लास फिरवून, नाक आत घालून नेमकं सांगत. ही शिराझ, हिला मिरीचा वास हाय. ही लाकडाच्या पिंपात लई दिवस ठेवलेली. सहसा चुकत नसत. त्यांच्या या नाकाचं आम्हाला घरचं कौतुक होतं.

एका वर्षी ओतायचं काम माझ्याकडे होतं. आदल्या दिवशी प्रज्ञाचा फोन आला. ‘‘मावशी, त्यातली एक मुद्दाम बिघडलेली पाठवलीय. बुचाला बुरशी धरलेली. ओल्या गोणपाटासारखा वास येतो. आईला सांगू नका. ती ग्लास तोंडाला लावायच्या आधीच ओरडेल.’’ मलाही मजा वाटली.

ती बाटली मी तिसरी ओतली. ओततानाच माझ्या नाकात कोंदट वास शिरला. पावसाळ्यात भिजलेल्या पोत्याचा असतो तसा. शोभानं ग्लास लांब धरला. वहिनी म्हणाल्या, ‘‘ई, ही काय हो, कडब्याच्या गंजीखालचं पाणी हाय का?’’ मी सुलोचनाताईंकडे पाहत होते. त्यांनी ग्लास फिरवला, नाक आत घातलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवलं. मग घोट घेतला, घोळवला, थुंकला.

‘‘चांगली हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जरा तुरट हाय. कॅबरने असंल.’’

वहिनी हसायला लागल्या. त्यांना वाटलं चेष्टा चाललीय. शोभाही हसली. सुलोचनाताईंनी आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग त्याही हसल्या आणि पापड भाजून आणते म्हणून आत गेल्या. मला काही ते बरोबर वाटलं नाही. पापड तर समोर ताटात होते.

मी मागोमाग गेले. ओट्यावर डबे उघडे पडले होते. लवंग, कॉफी, फिनेलची बाटलीसुद्धा. त्या हिंगाची डबी नाकाला टेकवून उभ्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, ‘‘मंगल, तुला वास येतोय ह्येचा?’’

‘‘दारातूनच येतोय.’’

त्यांनी डबीचं झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं. ‘‘कधीपासून गेलाय कळलंबी न्हाई बघ. मला वाटलं हल्ली स्वयंपाकीण बाई मसाल्याला हात आखडता घेतीया.’’

‘‘कोरोनात गेला असेल, ताई. कितीतरी जणांचा गेला.’’

‘‘तवा गेलता, अन् परत आलता.’’ त्या फिनेलच्या बाटलीचं बूच लावत राहिल्या. बाहेर शोभा मला हाका मारत होती. ‘‘जा तू. चौथी ओत. पोरीला काई सांगू नको.’’

त्या आठवड्यात त्यांनी मला सुखानं बसू दिलं नाही. सकाळी आमचं फाटक वाजायचं, त्या आत यायच्या, काहीतरी विचारायच्या आणि उत्तर न ऐकता जायच्या. एका संध्याकाळी धारूर रस्त्याला फिरायला गेलो असताना म्हणाल्या, ‘‘तू मागं थांब. मी पुढं चालते. बघ, माझे दोनी हात सारखे हालतात का.’’

त्या झपाझप पुढे गेल्या. उजवा हात नेहमीसारखा मागेपुढे होत होता. डावा अंगाला चिकटून होता, जसा काही त्यांच्या काखेत न दिसणारी पिशवी होती. मला ते सांगावंसं वाटेना. पण त्या परत फिरल्या आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, ‘‘डावा ना?’’

लातूरच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे त्या एकट्याच जाऊन आल्या. कंपवाताची सुरुवात होती. हात अजून कापत नव्हते. गोळ्या घेतल्या तर काही वर्षं नीट जातील असं डॉक्टर म्हणाले. वास आधी जातो, कंप मागून येतो, हे त्यांनी मला आमच्या ओसरीत, चपला न काढता सांगितलं. ‘‘सिझर बंद,’’ म्हणाल्या. ‘‘आजपासनं आस्मा करंल.’’

डॉ. आस्मा बीडची. तीन-चार वर्षांपासून त्यांच्या हाताखाली होती. शांत, जपून बोलणारी. पण ती आस्मा होती, सुलोचनाताई नव्हती. आणि माझी लेक पल्लवी तेव्हा सातव्या महिन्यात, बाळंतपणाला माहेरी आलेली. पुढे बाळ पायाळू निघालं, सिझर करावं लागेल असं ठरलं, आणि माझी झोप उडाली. पल्लवीचा जन्म सुलोचनाताईंच्या हातचा. मी त्यांच्या तपासणीच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

‘‘ताई, तुमचे हात अजून स्थिर आहेत. कुणाला कळलंही नाही. एकदाच करा. माझ्या पोरीसाठी.’’

त्या टेबलाभोवती फिरत होत्या. थांबल्या. ‘‘एकदाच म्हणणारी माणसं रोज भेटतात मला, मंगल. कालच एक पोलिसाची बायको म्हणाली.’’

‘‘मी तुमच्या घरची आहे.’’

‘‘म्हणून तर तुला खरं सांगते. हात कापायला लागले की थांबू, असं म्हणलं, तर तो दिवस कुणाच्या तरी पोटावर यील. कुणाच्या, ते ठरवायचं कामून मी?’’ त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. खरंच स्थिर होते. ‘‘चांगले हायत तवरच थांबायचं. नंतर थांबलं तर त्याला थांबणं म्हणत न्हाईत.’’

मी तडक घरी आले. रागही आला होता. दोन दिवस फाटक वाजलं तरी मी बाहेर गेले नाही.

सिझर सकाळचं होतं. पल्लवीला आत नेलं. जावई पुण्याहून निघाला होता, वाटेत होता. मला वाटलं सुलोचनाताई निदान आत उभ्या राहतील. त्यांनी पल्लवीच्या कपाळावरून हात फिरवला, आस्माला ‘‘जा’’ एवढंच म्हणाल्या आणि माझ्याबरोबर बाहेरच्या बाकड्याशी थांबल्या.

‘‘आत जा ना, ताई.’’

‘‘मी आत असले की तिचा हात माझ्याकडं बघत ऱ्हातो.’’

त्या बसल्या. उठल्या. पाण्याच्या टाकीपर्यंत गेल्या, पाणी न पिता आल्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, ‘‘बंद पडलंय का हे?’’ बंद नव्हतं. माझ्या शेजारी पुन्हा टेकल्या, आणि त्यांचा गुडघा हलत राहिला. आयुष्यभर त्या दाराच्या आतल्या बाजूलाच होत्या. आमच्यासारख्या बाहेर बसलेल्यांना ‘थांबा हो, होईल’ म्हणत आल्या होत्या.

‘‘बाहेर लई वेळ लागतो गं,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘इतका लागतो, हे मला कुणी सांगितलंच न्हाई.’’

मी त्यांचा डावा हात धरला. तो थोडा ताठ होता. त्यांनी तो काढून घेतला नाही.

आतून रडण्याचा आवाज आला. आधी बारीक, मग खणखणीत. मी उठून दाराकडे धावणार, तोच त्यांनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं.

‘‘थांब. आस्मा बाहेर येऊन सांगंल. तिला सांगू दे.’’

आम्ही थांबलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. दार उघडलं. आस्मा मास्क खाली करत बाहेर आली आणि सवयीनं आधी सुलोचनाताईंकडे वळली. सुलोचनाताईंनी नजर काढून घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. आस्मा क्षणभर घुटमळली. मग तिनं माझ्यासमोर येऊन माझे दोन्ही हात हातात घेतले.

‘‘काकू, मुलगी झाली,’’ ती म्हणाली. ‘‘दोघी छान आहेत.’’