रेडिओची बायको

तिच्या नवऱ्याला अख्खी बाजारपेठ ‘रेडिओ’ म्हणायची, आणि ती समजायची की लोक थट्टा करतात. हडकुळ्याला पैलवान म्हणावं, तशी. कारण घरातला तिचा नवरा म्हणजे अगदी मुखदुर्बळ माणूस. सकाळी ‘चहा’, संध्याकाळी ‘हं’ आणि आजारी असला तर ‘नको’, एवढ्यावर त्याचा संसार चालायचा. माहेरी कुणी जावयाची चौकशी केली की ती सांगायची, "गरीब गाय आहेत हो. तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!"

तो न्हावी होता. दुकान बाजाराच्या एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला. ती दिवसभर घरी मशीनवर कपडे शिवत बसायची. न्हाव्याच्या दुकानात तिचं काय काम? त्यामुळे तिला कधी कळलंच नाही, की शटर वर करताना नवऱ्याचं जे तोंड उघडतं, ते शटर खाली ओढल्यावरच मिटतं. कुणाची म्हैस हौदात पडली, कुणाचं लग्न कशावरून मोडलं, केस गळतात ते तेलानं की बायकोनं, सगळं त्या खुर्चीभोवती व्हायचं. घरी येईपर्यंत शब्दांचा डबा खडखडीत रिकामा.

तिच्या धाकट्या भावाचं परदेशात सलून होतं. चांगला कारागीर मिळत नाही म्हणून तो भाऊजींच्या मागे लागला, आणि शेवटी नवरा, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी असं बिऱ्हाड निघालं. बांधाबांधीत दुकान आठवडाभर आधीच बंद झालं होतं. संकटाची सुरुवात तिथंच झाली, पण तिला ते कळलं विमानात.

विमान वर गेलं. सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं. नवरा मात्र पुढच्या सीटवरच्या माणसाच्या टाळूकडे टक लावून होता.

"दोन भोवरे आहेत," तो अचानक म्हणाला. "दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात."

तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. नवरा आपण होऊन बोलला! "हो का हो?" ती म्हणाली.

एवढंच निमित्त पुरलं. बरेच दिवस बंद असलेला नळ सोडल्यावर आधी फुर्रफुर्र करतो आणि मग धो धो वाहायला लागतो, तसं झालं. डोंगर मागे गेले, समुद्र मागे गेला, हवाईसुंदरी दोनदा जेवण देऊन गेली, नवरा अजून भोवऱ्यांवरच. मधल्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघताना तो कोंड्यावर आला. दुसऱ्या विमानात ती डोळे मिटून झोपेचं सोंग करून पडून राहिली. त्याला काय, मिटलेल्या डोळ्यांसमोर बोलायची जन्माची सवय.

उतरल्यावर पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर तिघं उभे राहिले. नवऱ्यानं त्याच्या कपाळाकडे बघून मान हलवली. "कुणी कापलेत रे बाबा तुझे केस? उंदरानं कुरतडल्यासारखे."

अधिकाऱ्यानं मुलीला विचारलं, वडील काय म्हणतात. मुलीला शाळेत शिकलेली चार वाक्यं येत होती. त्यातलं एक वापरून ती म्हणाली, "तुमचा देश सुंदर आहे, म्हणतात." अधिकारी हसला आणि त्यानं शिक्का मारला.

सलूनमध्ये पहिल्याच दिवशी मेहुण्यानं भाऊजींना बाजूला घेतलं. "भाऊजी, एकच नियम. तोंड बंद. इथली माणसं डोकं देतात, कान देत नाहीत."

"म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलायचंच नाही?"

"नाही."

"मग त्याला कळणार कसं, आपण मागे उभे आहोत ते?"

पण परक्या घरी पाहुण्याच्या रीतीनं राहावं म्हणून तो गप्प राहिला. गिऱ्हाईक यायचं, डोळे मिटायचं, केस पडायचे, गिऱ्हाईक जायचं. शेजारच्या खुर्चीवरची केस कापायची मशीन गुणगुणायची, तिचासुद्धा त्याला हेवा वाटायचा. दिवसभराचं गिळलेलं सगळं घेऊन तो घरी यायचा आणि दारातच सुरू व्हायचा, एक बूट पायात, एक हातात.

तिला वाटलं होतं, परदेशात थंडी सोसावी लागेल, भाषा अडेल, माणसं तुसडी असतील. त्याची तयारी करून ती आली होती. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर भलताच माणूस घरात येईल, हे काही तिच्या ध्यानीमनी नव्हतं. पीठ मळताना तो बोले. ती अंघोळीला गेली तर दाराबाहेर उभा राहून बोले. भिंती पुठ्ठ्यासारख्या. एकदा शेजारचा उंच माणूस आला, त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. नवऱ्याला वाटलं, दात दुखतोय. त्यानं त्याला हाताला धरून आत बसवलं आणि लवंगेचे गुण सांगितले. सुटका झाल्यावर तो माणूस जिन्यानं पळत खाली गेला, लिफ्टची वाट न बघता.

मुलीनं कानात कापूस घातला. आईला तीही सोय नव्हती, कारण मधूनमधून तो विचारायचा, "मग मी काय म्हणालो?"

शेवटी ती भावाच्या सलूनमध्ये जाऊन उभी राहिली. "उद्यापासून यांना दुकानात बोलू दे."

"ताई, धंदा बसेल माझा!"

"मग आम्ही तुझ्या घरी राहायला येतो. तिघं. यांचं अंथरूण तुझ्या खोलीत."

भावाचा चेहरा पडला. त्यानं भाऊजींना हाक मारली आणि म्हणाला, "बोला."

खुर्चीत तेव्हा बेकरीवाला बसला होता, चांगला धिप्पाड माणूस. नवऱ्यानं कात्री उचलली, घसा साफ केला आणि हौदात पडलेल्या म्हशीपासून सुरुवात केली, अस्सल मराठीत. बेकरीवाल्यानं एक डोळा उघडला. त्यानं मेहुण्याला काहीतरी विचारलं. मेहुणा घाम पुसत म्हणाला, "तुमच्या केसांची तब्येत उत्तम आहे, असं सांगताहेत." बेकरीवाल्यानं डोळा मिटला. म्हशीला दोर बांधेपर्यंत तो घोरायला लागला होता. केस कापून झाले, बोलणं थांबलं, तसा तो दचकून जागा झाला आणि चिडून म्हणाला, "का थांबला हा?"

दुसऱ्या आठवड्यात तो दाढी करायला आला. दाढी नव्हतीच. मग त्यानं आपल्या भावाला आणलं, भावानं बायकोच्या बापाला. काहींना झोप लागायची, काहींना नुसतंच बरं वाटायचं. ऐकायचं, पण उत्तर द्यायची जबाबदारी नाही, असं सुख त्यांना दुसरीकडे कुठं मिळत नव्हतं. मेहुणा आता सगळ्यांना सांगायचा, "कल्पना माझीच."

एक म्हातारा माळी मात्र झोपायचा नाही. तो त्याच्या भाषेत उत्तर द्यायचा. हा मराठीत, तो त्याच्या बोलीत. दोघं हात हलवायचे, वाद घालायचे आणि एकाच वेळी हसायचे. माळी आता रविवारी घरी चहाला येऊ लागला. ती खूश होती. नवरा पुन्हा ‘चहा’ आणि ‘हं’वर आला होता, आणि रविवारचं माळी बघून घेत होता.

"बिचाऱ्याची बायको गेलीय," नवऱ्यानं तिला एकदा सांगितलं. "फार जीव होता. तिचं बोलणं निघालं की डोळे भरतात."

तिनंही हळहळून माळ्याच्या चहात जास्तीची साखर घातली.

मुलीला तोवर तिथली भाषा फाडफाड येऊ लागली होती. एका रविवारी ती मध्येच बसली. "बाबा, सांगू का हे काय म्हणतात?"

"सांग की."

"ते म्हणतात, तिच्यासारखी दुसरी मिळणार नाही. सकाळी एका हाताच्या झटक्यात सुरू व्हायची. गेल्या वर्षी चोरीला गेली."

"कोण?"

"गवत कापायची मशीन."

नवऱ्यानं कप खाली ठेवला. माळ्यानंही मुलीला विचारलं, तुझ्या आजीची तब्येत आता कशी आहे. तिनं त्याला सांगितलं, की बाबा इतके महिने म्हशीबद्दल बोलताहेत, आजीबद्दल नाही. माळ्याचा चेहरा उतरला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मग दोघांनी मुलीकडे.

"तू आत जा," नवरा म्हणाला. "अभ्यास कर."

माळीही आपल्या भाषेत तेच म्हणाला असावा. मुलगी आत गेली, तिनं दार लावलं, आणि बाहेर बोलणं पुन्हा जोरात सुरू झालं.