राहुकाळाच्या आत

कीबोर्डला हात लावण्याआधी कुसुमकाकू हात धुवायच्या. टाईप करताना प्रत्येक आडनाव ओठांतल्या ओठांत म्हणायच्या. चुकल्या की स्वतःलाच "ठोंबे" म्हणायच्या. चहा संगणकापासून दोन हात लांब ठेवायच्या आणि विसरायच्या.

यशश्रीला हे सगळं पाठ होतं. ती नाशिकची, संगणक दुरुस्त करणारी, वयाने काकूंच्या निम्मी. पण मैत्रीण.

त्र्यंबकेश्वरात काकूंचे पती यज्ञेश्वरकाका पौरोहित्य करतात; घरी यजमानांच्या वह्या आहेत. कोण कुठून आला, कोणाचा मुलगा, कोणाचं श्राद्ध घातलं. चार वर्षं काकू त्या संगणकात उतरवत होत्या. एकोणतीस वह्या झाल्या होत्या. त्यांचा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम फक्त जुन्या विंडोजवर चाले. त्या विंडोजवर आता बँकेची साइट उघडेना.

"विंडोज राहू दे," यशश्री म्हणाली. "शेजारी लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकू, बँक तिच्यावर उघडेल. चालू करताना मशीनच विचारेल, कुठे जायचंय. पण आधी सगळ्याची कॉपी. त्याशिवाय कोणी हात लावायचा नाही."

शुक्रवारी तिने पेन ड्राइव्ह लावला, लिनक्सचा इन्स्टॉलर उघडला. कॉपीसाठीची डिस्क गाडीत राहिली होती. ती आणायला गेली. काकू स्वयंपाकघरात होत्या.

परत आली तेव्हा संगणकाला हळदकुंकू लागलं होतं. यज्ञेश्वरकाका खुर्चीत बसले होते.

"आरंभ करून टाकला," ते म्हणाले. "साडेदहाला राहुकाळ लागतोय. तुझा पत्ता नाही."

यशश्रीने स्क्रीन पाहिली आणि बटण दाबून मशीन बंद केलं. काकांनी पहिलाच पर्याय निवडला होता. पूर्ण डिस्क पुसण्याचा.

"काका, सगळं गेलं."

काकू दारात उभ्या होत्या.

"अहो, चार वर्षं! तुम्ही एक ओळ तरी टाईप केलीत? मुहूर्त तेवढा तुमचा?"

"अगं, वह्या आहेत ना घरात. परत उतरव."

"वह्या आहेत. तुम्हाला दहा बोटंही आहेत."

"काकू, चूक माझी. मशीन तसंच सोडून गेले."

"तू गप्प बस! तू बजावलं होतंस. या घरात बाईने बजावलेलं ऐकू येतं कुणाला?"

"थोडंफार परत मिळेल कदाचित. मी घेऊन जाते."

"ने. नाहीतर गोदावरीत टाक."

काकूंनी चपला घातल्या आणि बाहेर पडल्या. काका त्यांच्या नावाने हाका मारत राहिले.

टेबलावर तिसावी वही उघडी होती. सिन्नरच्या एका घराण्याच्या तीन पिढ्या टाईप करून झाल्या होत्या. चौथी राहिली. ती टाईप करायला काकू पुन्हा बसल्याच नाहीत.